एकच कॅब, चार हेडं : बेस अँप हेडच्या टोनची तुलना

खर्जवेडा
बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळत होता. बेस अँपचं हेड (आवाज वाढवणारा डबा) बदललं की टोन खरोखर किती बदलतो? व्हिडिओ बघून बघून कंटाळलो. प्रत्येकात कॅब (स्पीकरचं खोकं) वेगळं, माइक वेगळा, वाजवणारा वेगळा, आणि आपण ऐकणार फोनच्या स्पीकरवर. त्यावरून खर्जाबद्दल मत बनवायचं म्हणजे फोटो बघून वास सांगण्यातला प्रकार.

म्हणून रविवारी चार हेडं एका खोलीत गोळा केली. अँपेग एसव्हीटी-सीएल (मित्राचं, ३६ किलोचं धूड, जिन्यावरून चढवायला दोघं लागलो), गॅलियन-क्रूगर ८००आरबी (माझं स्वतःचं, जुनं), मार्कबास लिटिल मार्क आणि अगिलार टोन हॅमर ५००. कॅब एकच, ४ ओहमचं, ४×१० (दहा इंची चार स्पीकर), बंद खोक्याचं, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) बंद. बेस एकच, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), दोन सिंगल कॉइल पिकअपचा, तारा सहा महिने जुन्या. बोटं माझीच.

आता जे ऐकलं ते.

एसव्हीटी : खुली ई वाजवली आणि कानाआधी तळपायाला कळलं. बोट जोरात पडलं तरी सुराचं टोक बोथट होऊन येतं, मग सूर फुगत जातो. वाजवताना बोटाखाली उशी असल्यासारखं वाटतं.

८००आरबी : पुढे घुसणारा, थोडा खरखरीत. पिकने वाजवलं की प्रत्येक फटका मोजून घ्यावा. मिडमध्ये (मधल्या सुरांत) एक गुर्मी आहे, ती मला कायम आवडत आलीय.

लिटिल मार्क : स्वच्छ, चपळ. तुम्ही जे वाजवाल तेच परत देतं, चुकांसकट.

टोन हॅमर : गोल, मऊ, वरचा भाग जरा शाल पांघरल्यासारखा.

माझा क्रम : एसव्हीटी, ८००आरबी, टोन हॅमर, लिटिल मार्क. पहिल्या आणि चौथ्यात बरंच अंतर. तुमचं काय मत?

काचेचे_दिवे
हे होणारच होतं! सहा ६५५० पॉवर ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या), लोखंडाचा तो भलाथोरला ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे ही डब्याएवढी हेडं काय टिकणार. १९६९ साली एसव्हीटी आलं तेव्हा सुरुवातीच्या हेडांत ६१४६ ट्यूब होत्या, नंतर ६५५० आल्या. तेव्हापासून आजवर जो तो "एसव्हीटीसारखा आवाज" विकतोय. सारखा. यातच सगळं आलं.

ओहमकर
छान लिहिलंय, पण क्रमावर विश्वास ठेवण्याआधी दोनच प्रश्न.
१. चारही हेडांची पातळी कशी जुळवली?
२. नॉब कुठे होते?

खर्जवेडा
पातळी कानाने. एकसारखी वाटेपर्यंत मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) फिरवला. नॉब सगळे बारा वाजता, मधोमध, म्हणजे कुणावर अन्याय नको.

ओहमकर
झालं तर मग. तुम्ही चार हेडांची नाही, चार वेगळ्या ईक्यूंची (खालच्या-मधल्या-वरच्या सुरांच्या समतोलाची) आणि चार वेगळ्या पातळ्यांची तुलना केलीत. रागावू नका, मीही अशाच चाचण्या करून एकेकाळी दोन हेडं विकलीत आणि नंतर हळहळलोय.

आधी पातळी. कान खालच्या आवाजात खर्जाला बहिरा असतो. हे १९३३ सालीच फ्लेचर आणि मन्सन यांनी वक्र काढून दाखवलं. आवाज वाढला की खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने वर येतात. म्हणजे एक हेड दुसऱ्यापेक्षा जेमतेम दीड-दोन डेसिबल मोठं असलं तर ते "मोठं" ऐकू येत नाही, ते "भरीव" ऐकू येतं. "उबदार" ऐकू येतं. मग आपण ट्यूबचे गोडवे गातो. आणि कानाने जुळवताना आपण जुळवतो काय? सगळ्यात जास्त टोचणारा भाग, म्हणजे अप्पर मिड. ज्या हेडचा मिड सौम्य, त्याचा मास्टर आपोआप जास्त वर जातो, आणि त्याच्यामागून खर्ज फुकटात चढतो.

आता बारा वाजता. बारा वाजता म्हणजे सपाट, हा समज कुणी पसरवला देव जाणे. जुन्या फेंडर बेसमनच्या वळणाचं टोन सर्किट घ्या. तिन्ही नॉब मधोमध ठेवले की मिडमध्ये चांगला खड्डा पडतो. तिथे सपाटीच्या जवळ जायचं तर मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल जवळपास तळाला न्यावे लागतात. एसव्हीटीचं वळण वेगळं, बॅक्सँडल धाटणीचं, तिथे मधोमध ठेवणं बरंचसं प्रामाणिक. आणि लिटिल मार्कवर व्हीएलई आणि व्हीपीएफ हे दोन नॉब आहेत. तेही बारा वाजता होते का?

खर्जवेडा
...हो.

ओहमकर
व्हीपीएफ म्हणजे ३८० हर्ट्झच्या आसपास खड्डा आणि दोन्ही टोकांना उठाव. व्हीएलई वरचे सूर कापत जातो, जुन्या स्पीकरसारखा. दोन्ही पूर्ण डावीकडे असतील तेव्हाच ते बाजूला होतात. तुम्ही त्या बिचाऱ्याला खड्ड्यात उभं केलंत, वर डोक्यावर गोधडी टाकलीत आणि चौथा नंबर दिलात. बरं, तरी तुम्हाला ते "स्वच्छ, चपळ" वाटलं. का? कारण आधीच माहीत होतं की मार्कबास म्हणजे स्वच्छ.

गप्प_वाचक
हा शेवटचा परिच्छेद जिव्हारी लागला. मला उद्देशून नसूनही.

नवशिक्या_४तारी
नमस्कार, मी नवीन आहे, वाजवायला लागून आठ महिने झाले. छोट्या हलक्या हेडांत असतं ते क्लास-डी म्हणजे डिजिटल ना? मग त्याचा आवाज कोरडा असणारच असं एका दादांनी सांगितलं. आणि माझ्यासाठी यातलं कोणतं हेड बरं?

ओहमकर
डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी ही अक्षरं आधीच वापरली गेली होती, म्हणून पुढचं डी. त्यात ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असे अतिशय वेगाने उघडझाप करतात, आणि शेवटी फिल्टर लावून त्या उघडझापीतून परत सूर काढला जातो. अर्धवट उघडं राहणंच नाही म्हणून उष्णता कमी, म्हणून उष्णता बाहेर टाकणारे धातूचे जड हीटसिंक नकोत. वजन कमी व्हायचं दुसरं कारण पॉवर सप्लाय. स्विचिंग सप्लायमुळे मोठा ट्रान्सफॉर्मर गेला. कोरडेपणाचा त्यात काही दोष नाही. आणि डिझाइन करणाऱ्याने प्रीअँप (हेडमधला पहिला, आवाज घडवणारा भाग) कसा केलाय यावर बराचसा टोन ठरतो. अनेक कंपन्या पॉवर मॉड्यूल तयार विकत घेतात आणि स्वतः फक्त प्रीअँप करतात. एकच मॉड्यूल असलेली दोन हेडं अगदी वेगळी बोलतात ती त्यामुळेच.

फेडरवाली
मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे मिक्सरमागे उभी राहणारी. तुमची ही चर्चा वाचताना थोडं हसू येतंय, माफ करा.

मोठ्या कार्यक्रमात समोरच्या लोकांना तुमचं हेड किती ऐकू जातं माहितीय? मी बहुतेक वेळा डीआय, म्हणजे माइकऐवजी हेडमधून थेट तार, घेते. हेडच्या मागचा डीआय सहसा प्रीअँपनंतर निघतो. म्हणजे तुमच्या त्या सहा पॉवर ट्यूब, तो लोखंडी ट्रान्सफॉर्मर, ते कॅब, सगळं स्टेजवरच राहतं. लोकांपर्यंत येतो तो प्रीअँप आणि ईक्यू. तोही तुम्ही "प्री ईक्यू" (ईक्यूच्या आधीचा आवाज देणारं) बटण दाबलं नसेल तर, आणि मी बऱ्याचदा तेच दाबायला सांगते, कारण एकेकाने स्टेजवर बूम व्हावी म्हणून बेसचा नॉब असा चढवलेला असतो की सभागृहात नुसता चिखल होतो. (मग मी ८० हर्ट्झच्या खाली कापते आणि वादक म्हणतो, आज खर्ज का नव्हता. असो.)

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगवरचा जेम्स जेमर्सनचा बेस आठवा. क्लबमध्ये तो अँपेग बी-१५ वापरायचा, पण स्टुडिओत बहुतेक वेळा तार थेट मिक्सरमध्ये. ज्या टोनसाठी जग अजून झुरतं, त्यातल्या बऱ्याचशा गाण्यांत हेड नाहीच.

कॅबला माइक लावते तेव्हा गोष्ट निराळी. तेव्हा हेड आणि कॅबची जोडी दोन्ही येतात, आणि तो फरक मला ऐकू येतो, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

काचेचे_दिवे
फेडरवाली ताई, लोकांना ऐकू जात नसेल, पण मला ऐकू येतं ना! मी चांगलं वाजवतो कारण मागून तो आवाज पाठीवर येतो. हे डीआयमध्ये कसं धरणार?

फेडरवाली
हे मात्र शंभर टक्के मान्य. खूश असलेला बेसवादक मिक्स करायला सोपा जातो.

मंद्रा
पाच तारा वाजवते, म्हणून माझं दुखणं जरा वेगळं. खालच्या बीचा मूळ सूर ३०.८७ हर्ट्झ. चार तारांच्या ईचा ४१.२. ऐकायला जवळजवळ वाटतात, पण त्या दहा हर्ट्झमध्ये कितीतरी हेडं आणि जवळपास सगळी कॅबं हात टेकतात. हलक्या हेडांत बऱ्याचदा ३० हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे आतच कापणी असते, स्पीकर वाचावा म्हणून. आणि खरं सांगायचं तर ती हवीच. खालच्या बीचा मूळ सूर क्वचितच कुणी ऐकतं. आपण ऐकतो तो ६२ हर्ट्झचा दुसरा स्वरांश आणि त्यावरचे, आणि मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून माझ्यासाठी "चांगलं हेड" म्हणजे ६० ते १५० हर्ट्झ जे नेटकं धरतं ते. तळाला नुसता डोंगर उभा करणारं नको.

एक अनुभव. माझं एक हलकं हेड होतं, नाव सांगत नाही. घरी अप्रतिम. पहिल्याच मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात दुपारच्या उन्हात तिसऱ्या गाण्यात बंद. ना धूर, ना आवाज, नुसता एक लाल दिवा. पुढची पाच मिनिटं मी नुसती बोटं हलवत उभी, आणि कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने माझं काम केलं. नंतर कळलं, मागच्या पडद्याला चिकटवून ठेवल्यामुळे हवा जायला जागाच नव्हती. दोष माझा. पण तेव्हापासून टोन ऐकण्याआधी पंखा कुठल्या बाजूला हवा फेकतो ते बघते.

ठेकेदार
ड्रमर बोलतोय. खर्जवेडा आमच्याच बँडमधला, त्याच्या त्या रविवारी मी तिथे होतो. एवढंच सांगतो : तिथे बसून मला चारातली दोन हेडं एकच वाटली. कोणती दोन ते विचारू नका, मी फोनवर होतो.

काचेचे_दिवे
ओहमकर, तुमचं पातळीचं म्हणणं पटलं. पण मग वॉटचं काय? ३०० वॉटची ट्यूब ५०० वॉटच्या क्लास-डीला स्टेजवर खाऊन टाकते, हे मी अनेकदा पाहिलंय. कान खोटं बोलतात म्हणा, पण ड्रमर पण खोटं बोलतो का?

ओहमकर
३०० आणि ५०० मधला फरक सुमारे २.२ डेसिबल. दुप्पट वॉट केले तरी ३ डेसिबलच मिळतात. कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे वॉटच्या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

पण तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, कारण मात्र वेगळं. ट्यूब हेड क्षमतेच्या वर ढकललं की त्याची लाट हळूहळू चपटी होते. आपल्याला ते खराब होणं ऐकू येत नाही, जाड होणं ऐकू येतं. मग आपण अजून ढकलतो. म्हणजे सरासरी पातळी चढत जाते आणि टोकं दबत जातात. सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवालं) तसं ढकललं तर कडाडतं, म्हणून बहुतेक हेडांत लिमिटर असतो. तो टोक गाठायच्या आधीच हात धरतो. शिवाय बोटाने तोडलेल्या तारेचं टोक सरासरीपेक्षा कितीतरी वर जातं. ज्या हेडला टोकं दाबणं शोभून दिसतं, ते त्याच वॉटमध्ये जास्त मोठं वाजतं.

दुसरी गोष्ट त्याहून रंजक, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कॅबवर "४ ओहम" लिहिलेलं असतं ते नाव आहे, मोजमाप नव्हे. जिथे स्पीकर आणि खोकं मिळून घुमतं, त्या सुराला तोच भार (कॅबचा विद्युत रोध) वर जातो, वीस ओहमच्याही पुढे जाऊ शकतो. वरच्या सुरांकडेही तो चढत जातो. सॉलिड-स्टेट हेडला त्याचं सोयरसुतक नसतं. ते व्होल्टेज धरून बसतं. ट्यूब हेडचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (आतला रोध) जास्त, म्हणून जिथे कॅब भार वाढवतं तिथे व्होल्टेजही वाढतं. थोडक्यात, ट्यूब हेडचा ईक्यू अर्धा कॅब ठरवतं. तळाला एक फुगवटा, वर थोडी चमक. तुमची ती "उशी" बहुधा हीच.

आणि हो, सॉलिड-स्टेट हेडांच्या जाहिरातीत डॅम्पिंग फॅक्टर (कॅबचा भार हेडच्या आतल्या रोधाच्या किती पट, तो आकडा) शेकड्यात लिहितात. ४ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचाच रोध ३ ओहमच्या आसपास असतो, तो त्या साखळीत बसलेलाच आहे. वीसच्या वर गेल्यावर पुढचे आकडे नुसते छापायला.

काचेचे_दिवे
म्हणजे ट्यूबच जिंकली ना शेवटी :)

ओहमकर
जिंकली म्हणजे, बोटं आणि कॅब दोघांचंही ऐकते. तुम्हाला ते हवं असेल तर हो. मला स्टुडिओत नको असतं.

खर्जवेडा
तुम्ही लोकांनी झोप उडवली म्हणून काल परत केलं. नीट.

कसं केलं ते आधी सांगतो, नाहीतर ओहमकर विचारणारच. बेस थेट रेकॉर्ड केला : बोटांचा एक तुकडा, पिकचा एक, अंगठ्याने तारा मारलेला एक. तोच आवाज रीअँप बॉक्समधून (रेकॉर्डिंग हेडला बेससारखं पुरवणारा डबा) प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे बोटांचा हिशेबच मिटला. पिंक नॉइज (चाचणीचा खरखराट) सोडून कॅबपासून एक मीटरवर आवाजमापक, सी-वेटिंग (खर्जही धरणारं मोजमाप), चारही हेडं अर्ध्या डेसिबलच्या आत. व्हीएलई, व्हीपीएफ पूर्ण डावीकडे. टोन हॅमरचा ड्राइव्ह तळाला. एसव्हीटीची अल्ट्रा हाय, अल्ट्रा लो दोन्ही बटणं बंद. गंमत म्हणजे त्या दिवशी अल्ट्रा लो चालूच राहिलं होतं, नंतर लक्षात आलं. त्याने नुसता खर्ज वाढत नाही, ५०० हर्ट्झच्या आसपास मिडही चांगलाच खाली जातो. म्हणजे एसव्हीटीलाही मी सपाट ऐकलंच नव्हतं.

कॅबची केबल एका हेडमधून काढून दुसऱ्यात घालायची, आणि ट्यूब हेड असेल तर आधी स्टँडबाय. हे आवर्जून लिहितोय : चालू ट्यूब हेडवरून स्पीकर काढू नका. भार नसलेलं ट्यूब हेड स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जाळू शकतं. सॉलिड-स्टेटला रिकामं राहणं चालतं, त्याला कमी ओहम आणि शॉर्ट चालत नाही. दोघांची दुखणी उलटी.

ऐकणारे तिघं, हेडांकडे पाठ करून. केबल बदलणारा चौथा.

पहिली फेरी, सगळं सपाट. ८००आरबी जवळपास दर वेळी तिघांनीही ओळखलं, तो मिडचा चावरेपणा लपतच नाही. एसव्हीटी बऱ्याचदा ओळखलं. लिटिल मार्क आणि टोन हॅमर मात्र निम्म्या वेळा अदलाबदल केले. ज्यांना मी तिसरा आणि चौथा असे वेगळे नंबर दिले होते ते हेच दोघं. हो, मीच.

दुसरी फेरी, प्रत्येक हेड ईक्यूने ८००आरबीच्या जवळ आणायचा प्रयत्न केला. वीस मिनिटं प्रत्येकी. खालच्या आवाजात तिघंही नुसते अंदाजपंचे. रेकॉर्ड केलेला तोच तुकडा तीनशेव्यांदा ऐकताना मेंदूचा भुगा होतो हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या फेरीत रेकॉर्डिंग बंद, प्रत्यक्ष वाजवायचं, ड्रमसोबत, मोठ्याने. इथे एसव्हीटी पुन्हा निघून गेलं. ते मला डोळे मिटूनही कळलं, आणि ऐकण्यापेक्षा वाजवताना जास्त कळलं. जोरात मारलं तर ते मागे सरकतं, हलकं वाजवलं तर पुढे येतं. लिटिल मार्कवर जेवढं मारलं तेवढंच मिळालं. दोन तासांनी जाणवलं की लिटिल मार्कवर मी जास्त सावधपणे वाजवतोय, आणि खरं तर जास्त बरं वाजवतोय. हे लिहिताना जड जातंय.

ठेकेदार
याने महत्त्वाचं सांगितलंच नाही, मी सांगतो.

पहिल्या फेरीनंतर साहेबांनी एक अनौपचारिक फेरी मागितली. "नॉब कुणीही कसेही फिरवा, मी एसव्हीटी ओळखतोच." आम्ही फिरवले. पाठ करून बसला. सूर आला आणि याने हात वर करून सांगितलं, "थांबा. हे. ही ऊब. हे ट्यूबशिवाय होतच नाही. ट्रान्सफॉर्मरचा वास येतोय मला." वासाचं खरं होतं, एसव्हीटी तापून शेजारीच उभं होतं आणि जाळीवरची धूळ भाजत होती. पण केबल होती लिटिल मार्कमध्ये. व्हीएलई दहाच्या काट्यावर.

बोलला नाही काही. उठून स्वतः जाऊन केबल बघून आला. मग परत एकदा बघून आला.

गप्प_वाचक
या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. +१

खर्जवेडा
धन्यवाद मित्रा. पुढच्या गाण्यात लय धावली तर मीही लिहीन.

मंद्रा
खर्जवेडा, याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, उलट यातून एक कामाची गोष्ट कळते. आपण "ट्यूबची ऊब" म्हणतो त्यातला मोठा वाटा वरचे सूर नसण्याचा असतो. जुनी कॅबं आठवा, ट्वीटर नव्हतेच. चार-पाच हजार हर्ट्झनंतर आवाज आपोआप उतरायचा. १९८० च्या दशकात एसडब्ल्यूआरसारख्या कंपन्या ट्वीटरवाली कॅबं आणि हाय-फाय धाटणीची हेडं घेऊन आल्या आणि अंगठ्याने वाजवणाऱ्यांना लॉटरी लागली. आता आपण तीच चमक घेतो आणि मग ती लपवायला नॉब विकत घेतो.

तुमच्या पिकच्या तुकड्यात टोन हॅमरचा ड्राइव्ह वाढवून पाहिलात का? त्याने नुसतं गेन वाढत नाही, वरचा भागही मऊ होत जातो. मग एसव्हीटीशी गाठ लावून बघा.

खर्जवेडा
पाहिलं. अर्ध्यावर ठेवला तेव्हा एसव्हीटीचा मालकसुद्धा दोनदा फसला. खालच्या आवाजात, हे पुन्हा सांगतो. मोठ्याने नाही.

काचेचे_दिवे
मालक फसला हे बरं झालं, निदान मी एकटा नाही. बरं, कॅब बदलून पाहिलं का? ओहमकर म्हणतात तसं खरंच होतं का, हे कळायला तोच एक मार्ग.

खर्जवेडा
हो, शेवटी अर्धा तास उरला तेव्हा १×१५ चं, पुढे भोक असलेलं कॅब लावलं. पातळी परत जुळवली. लिटिल मार्क आणि ८००आरबी ओळखीचे राहिले, कॅबचा रंग चढला तेवढाच. एसव्हीटी मात्र माणूस बदलावा तसं बदललं. ४×१० वर जो फुगवटा गोड होता तो इथे खालच्या जी आणि एवर गळ्यात आल्यासारखा झाला; बाकीचे सूर ठीक, त्या दोन सुरांवर मात्र आवाज टम्म. मी मिडचा स्विच २२० वरून ८०० वर नेला आणि थोडा वाढवला तेव्हा कुठे ताळ्यावर आलं.

ओहमकर
बरोबर. भोकाच्या कॅबला भाराचे दोन डोंगर असतात, बंद खोक्याला एकच. त्यातला एक तुमच्या जी-एच्या आसपास पडला असणार. हेच हेड, तेच वाजवणं, आणि दोष मात्र आपण हेडला देऊन मोकळे होतो. अर्थात एकाच जागेवर ऐकलं असेल तर खोलीचा कोपराही यात हात मारतो. कॅब दोन पावलं सरकवून परत ऐकायला हवं होतं.

खर्जवेडा
सरकवणार होतो. पण एसव्हीटीच्या मालकाला ते न्यायचं होतं, आणि जिना उतरायला तोच आणि मी. त्यानंतर काहीही सरकवायची ताकद कुणात नव्हती.

फेडरवाली
एक सूचना : पुढच्या वेळी हेडच्या डीआयचंही रेकॉर्डिंग घ्या, कॅबच्या माइकसोबत, एकाच वेळी दोन ट्रॅकवर. एसव्हीटीचा डीआय आणि टोन हॅमरचा डीआय शेजारी ठेवले की स्टेजवरचा टोन आणि लोकांकडे जाणारा टोन किती दूर आहेत ते लगेच दिसेल. आणि फायली इथे टाका, नावं न लिहिता.

काचेचे_दिवे
नावं न लिहिता? आता यातही परीक्षा?

फेडरवाली
तुमचीच तर.

नवशिक्या_४तारी
सगळं वाचलं, दोनदा. अर्धं कळलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला. मी कोणतं हेड घेऊ? सध्या एक ५०० वॉटचं क्लास-डी मिळतंय आणि एक जुनं ट्यूबवालं, १०० वॉटचं. दोन्हींचा आवाज फोनवर ऐकला, ट्यूबवालं आवडलं.

ओहमकर
आधी हे सांग, कॅब कोणतं आहे तुझ्याकडे? किती ओहम, किती इंची, बंद की भोकाचं?

नवशिक्या_४तारी
कॅब?
ते अजून घेतलंच नाही.